मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारून खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की टीव्हीवर तर नुसता गोंधळच दिसतो, घोषणा, फलक, सभात्याग, मग मंत्री चुकला तर संसद त्याचं नेमकं काय करू शकते, की पाच वर्षांनी मत देणं एवढंच आपल्या हातात आहे? मी सहा वर्षं एका आमदारसाहेबांच्या ऑफिसात काम केलंय, अधिवेशन जवळ आलं की प्रश्न लिहून काढायचे हे माझंच काम असायचं, तेव्हा आतून जे बघितलं त्यावरून सांगतो. होतं. पण टीव्हीवर दिसतं तिथे नाही होत, कागदावर होतं, आणि तो कागद धरून ठेवणारा कोणी असेल तरच होतं.

आधी घटनेत काय आहे ते थोडक्यात. कलम ७५ म्हणतं की मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार, राज्यात तेच कलम १६४ मध्ये विधानसभेच्या बाबतीत. म्हणजे बहुमत गेलं की सगळेच घरी, १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं तसं. पण एकट्या मंत्र्याच्या खात्यात घोटाळा झाला तर त्याने कधी जायचं हे घटनेत लिहिलेलं नाही, ते प्रथेवर आणि दबावावर चालतं. आणि हा दबाव रोज यावा हीच अपेक्षा होती. बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण वाचा, घटनेचा मसुदा मांडताना केलेलं. त्यात ते सांगतात की अध्यक्षीय पद्धतीत सरकारला स्थैर्य जास्त मिळतं, आपण मात्र स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त महत्त्व दिलंय, कारण इथे सरकारचं मूल्यमापन दोन वेळा होतं, एक निवडणुकीत जनता करते ते आणि दुसरं सभागृहात सदस्य रोजच्या रोज करतात ते, प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव (ठरलेलं काम थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा), अविश्वास ठराव यांतून. तुम्ही जे पाच वर्षांनी मत देणं म्हणताय ना, ते यातलं फक्त अर्धं आहे.

आता उदाहरण. राजीनाम्याचा विषय निघाला की सगळे लालबहादूर शास्त्रींचं नाव घेतात, १९५६ चा अरियालूरचा रेल्वे अपघात. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे पण तो त्यांचा स्वतःचा मोठेपणा होता, सभागृहाने तो त्यांच्याकडून काढून घेतला नव्हता. प्रश्न विचारून विचारून मंत्र्याला जायला लावलं असं उदाहरण पाहिजे असेल तर मुंध्रा प्रकरण बघा.

झालं असं की १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी उभी राहिली. तो निर्णय जाहीर झाला तेव्हा अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते, त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर त्याच वर्षी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. १९५७ च्या जूनमध्ये एलआयसीने हरिदास मुंध्रा नावाच्या कलकत्त्याच्या सटोडिया उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतले, जवळजवळ सव्वा कोटी रुपयांचे. १९५७ चे सव्वा कोटी, आणि पैसा कोणाचा तर पॉलिसीवाल्यांचा, म्हणजे मास्तर, कारकून, गिरणी कामगार अशा लोकांचा. एलआयसीची स्वतःची गुंतवणूक समिती होती, तिला विचारलंच नाही. लोकसभेत याबद्दल प्रश्न आले तेव्हा सुरुवातीला सरकारने गोलगोल उत्तरं दिली, नेहमी देतात तशीच. पण ती उत्तरं छापली गेली, रेकॉर्डवर आली. मग डिसेंबरमध्ये फिरोज गांधी उभे राहिले. लक्षात घ्या, ते विरोधी पक्षाचे नव्हते, सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. त्यांनी आरडाओरडा केला नाही, आकडे वाचून दाखवले, कोणता शेअर बाजारात कितीला होता आणि एलआयसीने त्याच्यापेक्षा जास्त भाव का दिला. त्यांनी मांडलेला मुद्दा साधा होता, एलआयसी या संसदेने जन्माला घातली आहे तर तिच्यावर नजर ठेवणं संसदेचंच काम आहे.

त्यानंतर सरकारला चौकशी लावावीच लागली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग, सुनावणी मुंबईत, आणि तीही उघड, लोकांची इतकी गर्दी की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले. महिन्याभराच्या आत अहवाल आला. कृष्णम्माचारींचं म्हणणं होतं की हे माझ्या सचिवाने परस्पर केलं. छागलांनी सांगितलं की मंत्र्याला सचिवाच्या मागे लपता येणार नाही, खात्याने जे केलं त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. फिरोज गांधींच्या भाषणापासून राजीनाम्यापर्यंत फक्त दोन महिने लागले. पुढे कृष्णम्माचारी परत मंत्रिमंडळात आले, परत अर्थमंत्रीही झाले, तो भाग वेगळा, पण मुंध्रा तुरुंगात गेला आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर मंत्र्याला चालत नाही ही गोष्ट लेखी नोंदली गेली.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की सापळा राजीनाम्याच्या दिवशी लागला नाही, तो पहिल्या गोलगोल उत्तराच्या दिवशीच लागला होता. मंत्री पत्रकार परिषदेत काहीही बोलू शकतो, दुसऱ्या दिवशी माझ्या बोलण्याचा विपर्यास केला म्हणतो. सभागृहातलं उत्तर फिरवता येत नाही, ते खोटं निघालं तर हक्कभंग, म्हणजे सभागृहाची दिशाभूल करून त्याचा अधिकार मोडल्याची तक्रार, येऊ शकतो.

हे मी स्वतः लहान पातळीवर बघितलंय, विधानसभेत. आपल्याकडच्या तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मागता येतं आणि वरून पुरवणी प्रश्नही विचारता येतो त्या प्रश्नाची, भाषा ठरलेली असते, अमुक गावात अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. आणि उत्तरंही ठरलेली, हे खरे आहे, अंशतः खरे आहे, हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही. आमच्याकडे एका गावचे लोक आले होते, पाणीपुरवठा योजनेची टाकी बांधून चार वर्षं झालेली, नळाला एक दिवस पाणी नाही. प्रश्न टाकला. उत्तर आलं, हे खरे नाही, योजना पूर्ण झाली आहे, आणि पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना प्रश्न उद्भवत नाही. हे उत्तर मंत्र्यांनी लिहिलेलं नसतं हो, खालच्या ऑफिसातून माहिती निघते, ती वर वर चढत मंत्रालयात कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव करत मंत्र्यांच्या सहीला जाते, मंत्र्यांनी ते गाव बघितलेलंही नसतं. पण सही त्यांची, म्हणून जबाबदारी त्यांची.

सरपंचांना मी फोन केला तर ते म्हणाले, भाऊ, आमच्याकडे टँकरच्या मंजुरीचे आदेश आहेत की, तीन उन्हाळ्यांचे. मला तेव्हा एकदम डोक्यात प्रकाश पडल्यासारखं झालं. योजना पूर्ण आहे असं सरकार म्हणतंय आणि त्याच गावाला टँकर मंजूर पण सरकारच करतंय! साहेबांच्या हातात ते तीन कागद दिले, नशिबाने प्रश्न त्या दिवशी पुकारला गेला, आणि साहेबांनी एकच पुरवणी प्रश्न विचारला, योजना पूर्ण असेल तर हे टँकर कशासाठी दिले? मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघितलं, चिठ्ठी आली, आणि ते म्हणाले की एका महिन्यात चौकशी करून माहिती पटलावर ठेवू, म्हणजे सभागृहासमोर अधिकृतपणे मांडू.

हे वाक्य आलं की ते आश्वासन होतं. विधिमंडळात आश्वासन समिती असते, लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे, १५ सदस्यांची, आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं अशी अपेक्षा असते. विचाराधीन आहे, माहिती गोळा करत आहोत, चौकशी करू, अशा शब्दांची यादीच असते, ते मंत्र्याच्या तोंडून निघाले की समिती नोंदवून घेते. आमच्या त्या एका महिन्याचे अकरा महिने झाले. दर महिन्याला मी स्मरणपत्र टाइप करायचो, त्यात फक्त तारीख बदलायची. शेवटी निघालं काय, तर मुख्य जलवाहिनीचा साडेतीनशे मीटरचा तुकडा टाकलेलाच नव्हता आणि बिल पूर्ण निघालेलं. तो तुकडा टाकला गेला. पाणी आलं त्या दिवशी सरपंचांनी फोन करून बोलायच्या ऐवजी नळाचा आवाज ऐकवला मला. ज्याने बिल काढलं त्याचं पुढे काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही, ते मला आजही खटकतं.

आता बिघाड कुठे आहे तेही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फक्त गोड बाजू सांगतोय. एक तर सभागृह बसतच नाही. पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली, सतरावी २७४ दिवस, मध्ये कोविड होता हे मान्य पण तरी. त्याच कोविडमध्ये २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, फक्त लेखी उत्तरं चालू ठेवली. दुसरं म्हणजे निलंबन, आणि यात पक्ष बघू नका. जुलै २०२१ मध्ये आपल्या विधानसभेत भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी बाहेर काढलं, सुप्रीम कोर्टाने ते जानेवारी २०२२ मध्ये रद्द केलं. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत घुसखोरी झाली, गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधक अडले आणि दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे आधी दिलेले प्रश्नसुद्धा यादीतून गेले. माणूस गोंधळ घालतो म्हणून त्याला बाहेर काढा, पण त्याच्या मतदारसंघातल्या लोकांचा प्रश्न का काढायचा? मला हे अजिबात पटत नाही, कोणीही केलं तरी.

तिसरं म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, १९८५ चा. लोक म्हणतात व्हिपमुळे, म्हणजे असंच मत द्या या पक्षाच्या आदेशामुळे, सत्ताधारी आमदार-खासदार गप्प बसतात. पण व्हिप मतदानाला लागतो, प्रश्नाला लागत नाही. सत्ताधारी खासदार आजही फिरोज गांधींसारखा उभा राहून आकडे विचारू शकतो, त्याची खासदारकी त्यामुळे जात नाही, पुढचं तिकीट जाईल ही भीती असते, आणि ती भीती कायद्यात नाही, आपल्यात आहे, कारण अशा माणसाला आपण परत निवडून देऊ याची खात्री आपण त्याला कधी दिली नाही.

म्हणून तुम्हाला करण्यासारखं काय आहे ते सांगतो. तुमचा विषय केंद्राचा आहे की राज्याचा ते आधी बघा, रेल्वे, नॅशनल हायवे, पोस्ट, पीएफ असेल तर खासदार, पाणी, शाळा, पोलीस, जमीन असेल तर आमदार. लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसावा लागतो, रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, प्रश्न निघतात, त्या २० पैकी तोंडी उत्तराला जेमतेम चार-पाचच लागतात. त्यामुळे अतारांकित आला तरी निराश होऊ नका, लेखी उत्तर ते लेखी उत्तरच. खासदारांच्या ऑफिसात अधिवेशनाच्या महिनाभर आधी जा, साहेबांना भेटायचा हट्ट धरू नका, प्रश्न लिहिणारा जो पोरगा किंवा पोरगी असेल तिला भेटा, आणि नुसती तक्रार न देता सरकारचाच एखादा कागद सोबत न्या, आदेश, मंजुरी, बिल, माहिती अधिकारात मिळालेलं पत्र, काहीही. उत्तर आलं की ते वेबसाइटवर पडतं, त्याची प्रिंट काढा, गावातल्या वस्तुस्थितीशी ताडून बघा आणि कुठे खोटं आहे तिथे लाल पेनाने खूण करून पुढच्या अधिवेशनाआधी परत त्याच ऑफिसात जा.