मिनीडीव्ही कॅमकॉर्डरवरचं लग्नाचं जुनं शूटिंग एडिट करताना एचडी कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की 2004 मधल्या लग्नाच्या टेपा कॉम्प्युटरवर घेतल्या, 1920 बाय 1080 च्या टाइमलाइनवर टाकल्या, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि माणूस हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हे 'एचडी' कसं करायचं?

आधी अपेक्षेचं बोलू. आपल्याकडचा डीव्ही (छोट्या टेपवर डिजिटल शूटिंग करणारा) कॅमेरा पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीचा, म्हणजे 720 बाय 576 पिक्सेल. त्याचं चित्र 4:3 चं, एचडीचा पडदा 16:9 चा, म्हणून बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या सोडल्या तरी एचडीत चित्राला 1440 बाय 1080 जागा लागते. म्हणजे चारातले जवळजवळ तीन पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजानं भरणार. टेपवर नसलेला तपशील कुठलंही बटण परत आणत नाही. मात्र तुमचं फुटेज आत्ता दिसतंय त्यापेक्षा पुष्कळ चांगलं दिसू शकतं, कारण खरा घोटाळा त्या रेषांचा आहे.

हा कॅमेरा सेकंदाला 25 पूर्ण चित्रं घेत नाही, 50 अर्धी घेतो: एकदा सम ओळी, एकदा विषम. दोन अर्ध्यांमध्ये नवरीचा हात थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून बांगड्यांच्या कडा फाटतात. असंच चित्र मोठं केलंत तर त्या रेषाही मोठ्या होतात आणि मग त्या निघता निघत नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं), मग स्केलिंग (चित्र मोठं करणं). हा क्रम उलटा करू नका.

डीइंटरलेससाठी मी क्यूटीजीएमसी नावाचं फिल्टर वापरतो. फुकट आहे, 'हायब्रिड' नावाच्या प्रोग्रॅममधून चालवता येतं. संथ आहे, मशीन रात्रभर लावून ठेवा. आउटपुट सेकंदाला 50 फ्रेम घ्या, 25 नको. वरातीतला नाच 50 मध्ये जसा सळसळता दिसतो तसा 25 मध्ये दिसत नाही. फील्ड ऑर्डर (कुठलं अर्धं चित्र आधी) 'बॉटम फर्स्ट' ठेवा, डीव्हीची तीच असते. उलटी लागली तर हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे थरथरते, लगेच कळतं.

मग 1440 बाय 1080 ला स्केल करा, लँक्झोस किंवा स्प्लाइन, मोठं करायच्या या दोन्ही पद्धती चालतील. डीव्हीचे पिक्सेल चौरस नसतात. ते चौरस धरले तर सगळे वऱ्हाडी बारीक दिसतात, आणि पट्ट्या घालवायला रुंदीत ताणलं तर सगळे जाड! कापून पडदा भरायचा म्हटलं तर उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि क्लोजअपमध्ये नेमक्या मुंडावळ्याच उडतात. पट्ट्या राहू द्या. अगदीच खटकल्या तर मागे तेच चित्र धूसर करून टाकतात. मला ते आवडत नाही, पण गिऱ्हाइकं मागतात.

एआय अपस्केलर, म्हणजे एआयनं चित्र मोठं करणारं सॉफ्टवेअर? वापरून बघा, पण जपून. जवळचे चेहरे बरे येतात. मांडवात मागे बसलेल्यांचा चेहरा मुळात वीस-पंचवीस पिक्सेलचा. तिथे ते डोळे आणि दात मनानं बसवतं आणि आजी भलतीच कोणी दिसते. नॉइज रिडक्शन जास्त लावलं तर उडत्या अक्षताही डाग समजून पुसल्या जातात. आधी मंगलाष्टकांचा मिनिटभराचा तुकडा काढून घरच्यांना दाखवा.

यूट्यूबवर टाकणार असाल तर मात्र मोठं करून टाकण्यात खरा फायदा आहे: सेकंदाला 50 फ्रेम तिथे 720 ओळींच्या (720p) किंवा त्यावरच्या रिझोल्यूशनलाच मिळतात.

आणि टेपा पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलनं घेतल्या असतील तर जमल्यास फायरवायरनं, म्हणजे कॅमेऱ्याच्या डिजिटल केबलनं, पुन्हा घ्या. त्यात टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला साधारण 13 जीबी. त्या फाइली एडिटिंग झाल्यावरही उडवू नका.