भाऊ ‘भारदस्त’, बहीण ‘जाडी’

“मॅडम, आधी दहा किलो कमी करते, मगच बढतीचा अर्ज टाकते. बरोबर ना?” हा प्रश्न आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांपैकी बायकाच विचारतात. पुरुष वजनाबद्दल बोलतात ते गुडघेदुखी नाहीतर साखर निघाली की.

ही मुलगी ३१ वर्षांची, खासगी वित्तसंस्थेत आठ वर्षं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. भाऊ पाच फूट आठ इंच, ९४ किलो; उंचीच्या हिशेबात तिच्याहून जड. पण तो ‘खात्यापित्या घरचा’, आणि विक्री विभागाचा प्रमुख. हिला मात्र “काउंटरला जरा स्मार्ट चेहरा हवा” म्हणून आतल्या कामाला बसवलेलं.

हे तिच्या मनाचे खेळ नव्हते. अर्थतज्ज्ञ जॉन कॉली यांच्या २००४ च्या अमेरिकी अभ्यासात गोऱ्या स्त्रियांमध्ये सुमारे ६५ पौंड, म्हणजे २९-३० किलो, जास्त वजनामागे पगार ९ टक्क्यांनी कमी दिसला. जवळपास तीन वर्षांचा अनुभव पाण्यात गेल्यासारखं. टिमोथी जज आणि डॅनियल केबल या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलं, की पुरुषांचा पगार एका मर्यादेपर्यंत वजनासोबत वाढतो, बायकांचा घसरतो. तोही लठ्ठपणाच्या कितीतरी आधी, अगदी सडपातळपणा सुटला की लगेच.

तिला दोन आठवडे वही ठेवायला सांगितली. रकाने चार: काय घडलं, कोण बोललं, मी काय टाळलं, किती पैसे गेले. सतरा नोंदी झाल्या. सहा ठिकाणी दुसऱ्यांनी अडवलं होतं. अकरा ठिकाणी तिने स्वतःच माघार घेतली होती. काउंटरचा प्रोत्साहन भत्ता महिना ३,५०० रुपये, चौदा महिन्यांचे ४९,००० बुडाले. हा आकडा पाहून ती पहिल्यांदा रडायची थांबली आणि चिडली.

चिडून लिहिलेला ईमेल तीन पानी होता. तो पाठवू दिला नाही. “मी जाड म्हणून” असं लिहिलं की “तसं काही नाही” एवढंच उत्तर येतं. वजनावरून भेदभावाला थेट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत मिशिगन राज्याने १९७६ मध्येच केला. म्हणून ईमेल पाच ओळींचा केला: गेल्या चार तिमाहींचे माझे आकडे, काउंटरसाठीचे निकष, त्यातला कोणता मी पुरा करत नाही, उत्तर लेखी द्यावे.

घरी आई रोज सकाळी काट्यावर उभी करायची. पाणी, मीठ, पाळी यांनी काटा एका दिवसात किलोभर हलतो आणि त्या हलण्यावर हिचा दिवस ठरायचा. काटा माळ्यावर गेला. वजन महिन्यातून एकदा, डॉक्टरांकडे. थायरॉइडची तपासणी सांगितली, कारण तब्येतीचा प्रश्न खरा आहे. फक्त त्याची सांगड बढतीशी घालायची नाही.

स्थळांच्या बायोडेटातून वजनाची ओळ काढली. दोन स्थळं गप्प झाली. तिला आठवडाभर वाईट वाटलं, तसं वाटणारच.

काउंटर परत मिळालं नाही. लेखी उत्तर द्यायची वेळ आल्यावर साहेबांनी तिला कर्ज विभाग दिला, भत्त्यासकट. भावाची कंबर १०४ सेंटिमीटर निघाली. पुरुषांसाठी आपल्याकडे धोक्याची रेषा ९०. त्याला तपासणी करून घे म्हणून आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.