नॅनोक्रिस्टल एन-प्रकारचे की पी-प्रकारचे, हे डोपिंगने हवे तसे ठरवता येते का?

सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन मिसळून (यालाच डोपिंग म्हणतात) जसा एन (इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा) किंवा पी (पोकळ्यांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांनी वाहणारा) प्रकार मिळतो, तसा नॅनोक्रिस्टलांमध्ये, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक स्फटिककणांमध्ये, योग्य धातूचा अणू निवडून मिळवता येतो का, असे आपण विचारले आहे. मिळवता येतो, मात्र केवळ संयुजा पाहून त्याचे भाकीत करता येत नाही, आणि तसे दावे करणाऱ्यांपैकी अनेकांनी ते पुरेसे सिद्ध केलेले नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅडमियम सेलेनाइडच्या ४ नॅनोमीटर व्यासाच्या कणात साधारण १,२०० अणू असतात. त्यात एकच परका अणू शिरला, तरी अपद्रव्याचे प्रमाण घन सेंटीमीटरला सुमारे ३ गुणिले १० चा १९ वा घात इतके होते, म्हणजे सिलिकॉनच्या मापाने ते भरघोस डोपिंग ठरते. शिवाय कणागणिक सरासरी एक अणू असला आणि त्यांची वाटणी यदृच्छेने झाली, तर सुमारे ३७ टक्के कण कोरेच राहतात.

अणू कोणता, याइतकेच तो कोठे बसतो हेही महत्त्वाचे असते. २०११ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील उरी बानिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियम आर्सेनाइडच्या कणांत तांब्याने एन आणि चांदीने पी प्रकार मिळवून दाखवला. तांबे स्फटिकजालातील फटींत बसून इलेक्ट्रॉन देते, तर चांदी इंडियमची जागा घेते आणि तिच्याकडे संयुजा इलेक्ट्रॉन कमी असल्याने पोकळी निर्माण होते. पुढच्याच वर्षी डेव्हिड नॉरिस यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडमध्ये चांदी घातली, तेव्हा ती अल्प प्रमाणात असताना दाता (इलेक्ट्रॉन देणारी) आणि प्रमाण वाढल्यावर ग्राही (इलेक्ट्रॉन घेणारी) म्हणून वागते, असे दिसले. एकाच मूलद्रव्याचे चिन्ह असे मात्रेनुसार पालटते.

हा प्रश्न मला का बोचतो, तेही सांगतो. आमच्या गटातील एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी लेड सल्फाइडच्या कणांत चांदी घातली, त्यांची फिल्म (पातळ थर) केली, ट्रान्झिस्टर बनवला आणि ऋण गेट व्होल्टेजला प्रवाह वाढताच (हे पी-प्रकाराचे लक्षण असते) चांदीने पी-डोपिंग झाल्याचे जाहीर केले. रासायनिक विश्लेषणात चांदी दिसत होती आणि त्यांच्या मते तेवढा पुरावा पुरेसा होता. त्याच लिगंडाची (कणांच्या पृष्ठभागाला जोडलेल्या रेणूंची किंवा आयनांची), तितक्याच जाडीची, पण चांदी न घातलेली फिल्म शेजारी ठेवून मोजावी, असा आग्रह मी धरला, आणि शेवटी ती मीच बनवली. तीही पी-प्रकारचीच निघाली, कारण दोन्ही फिल्म हवेत हाताळलेल्या होत्या आणि लेड सल्फाइडच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन एकट्यानेच पोकळ्या पुरवतो. दोन्ही नमुने नव्याने बनवून नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हवाबंद पेटीत) मोजले, तेव्हा त्यांच्यातील फरक मोजणीच्या चढउतारांत बुडून गेला. सहकाऱ्यांनी ही तुलना ‘विषयाबाहेरची’ ठरवून लेखातून वगळली, आणि मी त्या लेखावरून माझे नाव काढून घेतले. तो निर्णय मला आजही योग्यच वाटतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, कोरा (धातू न घातलेला) जोडनमुना नसलेला ध्रुवता-नियंत्रणाचा, म्हणजे एन की पी हे ठरवल्याचा, कोणताही आलेख आपण ग्राह्य धरू नये, मग तो कितीही मोठ्या नियतकालिकात छापलेला असो. कणांत धातू आहे, तो जालात आहे आणि तो मुक्त वाहक देतो, ही तीन वेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागतो. पृष्ठभागाला चिकटून राहिलेला अणूही रासायनिक विश्लेषणात मोजला जातो.

याचा अर्थ लेड सल्फाइडमध्ये चांदी कधीच उपयोगी पडत नाही, असा घेऊ नये. मी आमच्या नमुन्यांपुरतेच बोलत आहे. तसेच पृष्ठभाग हा केवळ अडथळा नाही. लेड सल्फाइडच्या फिल्मवर आयोडाइड लिगंड बसवले की ती एन-प्रकारकडे आणि इथेनडायथायॉल बसवले की पी-प्रकारकडे झुकते, आणि याच युक्तीवर चांगले सौरघट बनले आहेत. आपले काम शिशाच्या संयुगांवर असेल, तर परका अणू घुसवण्याआधी लिगंड बदलून पाहावे. इंडियम आर्सेनाइड असेल, तर मात्र तांबे आणि चांदी यांपासूनच सुरुवात करावी, आणि प्रत्येक फिल्मसोबत धातू न घातलेली एक फिल्म त्याच दिवशी, त्याच ग्लोव्हबॉक्समध्ये बनवावी.