वाचकांचे प्रश्न: शर्मन रणगाड्याची मोठी प्रतिकृती

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन शर्मन रणगाड्याची १:६ प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती मी बांधतो आहे. मूळ रणगाडा सुमारे ३० टनांचा होता. मग प्रतिकृतीचे वजन पाच टन धरायचे का? आणि ती वळवायची कशी?

उत्तर : वजन लांबीच्या नव्हे, तर लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे ३० टनांना २१६ने (६ × ६ × ६) भागावे, म्हणजे सुमारे १४० किलो येतात, आणि आतून पोकळ असलेली आपली प्रतिकृती त्याहूनही बरीच हलकी होते. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या २४ व्होल्टच्या दोन गिअर-मोटारी, प्रत्येक पट्ट्याला एक याप्रमाणे, पुढच्या दातेरी चाकांना जोडाव्यात. शर्मनचे पट्टे पुढूनच ओढले जात. दोन्ही मोटारींच्या वेगातील फरकाने गाडी वळते. मात्र मूळ शर्मन जागच्या जागी गरकन फिरू शकत नसे, कारण त्याच्या डिफरन्शियलमुळे (इंजिनाची ताकद दोन्ही पट्ट्यांत वाटणाऱ्या दातेरी यंत्रणेमुळे) दोन्ही पट्टे पुढेच जात, फक्त एक सावकाश. म्हणून मोटारी परस्परविरुद्ध फिरवण्याचा मोह टाळावा, असे मला मनापासून वाटते. रेडिओचा संकेत तुटताच मोटारी थांबतील, ही सोय मात्र पहिल्या चाचणीआधीच करावी.