वॉकर, फुलर, टकर: एका धंद्याची तीन आडनावं

विचारणा अशी आहे: ‘वॉकर’ या इंग्रजी आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असाच घ्यायचा का? हे निरोप्यांचं, जासुदांचं आडनाव असेल का? ‘फुलर’ आणि ‘टकर’ ही आडनावं त्याचीच भावंडं आहेत असं वाचायला मिळतं, ते कसं? आणि मराठीत लिहिताना ‘वॉकर’ लिहावं की ‘वॉल्कर’?

जासुदांशी या आडनावाचा संबंध नाही. वॉकर म्हणजे मागावरून उतरलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून, मळून दाट करणारा कारागीर. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा स्वतंत्र धंदा होता, आणि फुलर व टकर ही त्याच धंद्याची दुसऱ्या मुलखांतली नावं.

मराठीत या कामाला एक रुळलेला शब्द नाही, कारण आपलं नेहमीचं कापड सुती. हे काम फक्त लोकरीवर होतं. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात आणि त्या सगळ्यांचं तोंड केसाच्या टोकाकडे असतं. ओल, ऊब, दाब आणि घर्षण एकत्र मिळालं की केस एकाच दिशेने सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आटतं, जाड होतं, विणीतल्या फटी बुजतात. कापसाच्या तंतूला असे खवले नसतात, त्यामुळे सुती कापड कितीही तुडवलं तरी स्वच्छ होईल, दाट होणार नाही. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तो संस्कार वेगळा: त्यात बाहेरून खळ चढवून कापडाला ताठपणा आणतात. इथे लोकरच स्वतःत गुंतते.

कामाचा क्रम समजला की नावांचा गुंताही सुटतो. कातताना लोकरीला तेल किंवा लोणी लावलेलं असे, शिवाय मेंढीच्या अंगचा स्निग्धांश त्यात असेच. तो आधी काढावा लागे. त्यासाठी शिळं मूत्र वापरत. त्यातला अमोनिया तुपकटपणा सोडवतो. मग एक खास माती पाण्यात कालवून लावत, ती उरलेलं तेल शोषून घेई. ही माती आपल्या ओळखीची आहे: आपण जिला मुलतानी माती म्हणतो, तिला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे फुलरची माती म्हणतात. इंग्लंडमध्ये ती सरे परगण्यात नटफील्डजवळ आणि बेडफर्डशरमध्ये वोबर्नजवळ निघे. यानंतर कापड धुऊन लांबट कुंडात कोमट पाण्यात टाकायचं आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं.

मधूनमधून कापड उलटवावं लागे, घड्या बदलाव्या लागत. घडी एकाच जागी राहिली तर तिथे कायमची सुरकुती धरते आणि ती नंतर कशानेही जात नाही. तेल नीट निघालं नसेल तर कापड डागाडागांनी दाटतं आणि पुढे रंगही तसाच चढतो. कमी तुडवलं तर सूत दिसत राहतं, जास्त तुडवलं तर कापड अरुंद आणि खरखरीत होतं. आटणार हे धरूनच ते मागावर बरंच रुंद विणत. शेवटी ओलं कापड लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवत. इथेच लबाडीला वाव असे: कापड प्रमाणाबाहेर ताणलं की मापात जास्त भरतं, आणि पहिल्या पावसात आटतं. म्हणून असं ताणण्याविरुद्ध इंग्लंडमध्ये कायदे झाले. या चौकटींना ‘टेंटर’ म्हणत. लंडनच्या स्पिटलफील्ड्समधलं ‘टेंटर ग्राउंड’ हे नाव त्यांचीच आठवण आहे.

आता शब्दाकडे. ‘कापडावर चालायचा म्हणून वॉकर’ असं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ या धातूचा अर्थ होता लोळवणं, गडगडवणं, हेलकावे देणं, आणि ‘वेआल्करे’ म्हणजे कापड मळणारा. तेव्हा या धातूला ‘पायी चालणं’ हा अर्थ नव्हता. तो मध्ययुगीन इंग्रजीत पुढे आला. म्हणजे धंद्याचं नाव आधी होतं, क्रियापद नंतर चालू लागलं. याचा भक्कम पुरावा शेजारच्या जर्मनमध्ये आहे. तिथे ‘वाल्कन’ म्हणजे आजही लोकर मळून दाट करणं, आणि चालण्याला मात्र ‘गेहन’. इटालियनमध्ये असं कापड कुटणाऱ्या गिरणीला ‘ग्वाल्किएरा’ म्हणतात, तोही याच जर्मानिक धातूचा वंशज. या दोन्ही भाषांत चालण्याचा मागमूस नाही. कारागीर खरोखर पायांनीच काम करत होता, त्यामुळे नवा अर्थ जुन्या नावावर चपखल बसला आणि मूळ अर्थ झाकला गेला.

‘फुलर’चा उगम लॅटिन ‘फुल्लो’मध्ये आहे. रोमन लोकांकडे हा धंदा पूर्ण विकसित होता. इ.स. 79मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात अशा कारखान्यांची कुंडं सापडली आहेत, आणि कुंडात उभं राहून कापड तुडवणाऱ्या कामगारांची भित्तिचित्रंही. लॅटिनमधून हा शब्द जुन्या इंग्रजीत आला आणि नॉर्मन काळात फ्रेंच ‘फुलर’ (तुडवणं) या क्रियापदाच्या कुळातल्या शब्दांनी त्याला बळ दिलं. ‘टकर’च्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं ‘तूकियन’ आहे, म्हणजे छळणं, त्रास देणं. कापडाला दिली जाणारी वागणूक पाहता हे नाव मला तिघांत सगळ्यांत बोलकं वाटतं.

हे शब्द समानार्थी होते याची साक्ष चौदाव्या शतकाच्या अखेरच्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलमध्ये आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं लखलखीत शुभ्र होतात, तिथल्या तुलनेसाठी या बायबलच्या दोन पाठांपैकी आधीच्या पाठात ‘फुलर किंवा कापडाचा वॉकर’ अशी जोडीच वापरली आहे. एक शब्द एका मुलखात कळेल, दुसरा दुसऱ्या, म्हणून दोन्ही. मराठी बायबलमध्ये या जागी ‘परीट’ आहे. शुभ्रतेच्या संदर्भात तो योग्यच आहे, मात्र धंदा म्हणून दोन्हींत फरक ध्यानात ठेवावा: परीट वापरलेले कपडे धुतो, वॉकर नव्या कापडावर शेवटचा हात फिरवतो.

मुलूखवार वाटणी हा या विषयातला सगळ्यांत सुंदर भाग. इंग्लंडचा उत्तर भाग आणि मिडलंड्स म्हणजे मधला भाग वॉकरांचा, विशेषतः यॉर्कशर, लँकाशर, डर्बीशर, डरहॅम. आग्नेय आणि पूर्व भाग फुलरांचा: केंट, ससेक्स, एसेक्स, सफक, नॉरफक. नैर्ऋत्य भाग टकरांचा: डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल. एक्सिटर शहरात विणकर, फुलर आणि कातरकाम करणाऱ्यांच्या संघाची पंधराव्या शतकातली वास्तू आजही ‘टकर्स हॉल’ म्हणून उभी आहे. कॉर्नवॉलमध्ये कँबोर्नजवळ ‘टकिंगमिल’ नावाचं गाव आहे. उत्तरेत त्याच प्रकारच्या जागेला ‘वॉकमिल’ म्हणतात. वेल्श भाषेत अशा गिरणीला ‘पँडी’ म्हणतात. टोनिपँडी या गावाच्या नावात ती आहे.

इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरेने स्थिर झाली ती साधारण 1250 ते 1400 या काळात, आणि प्रत्येक मुलखात त्या वेळी तोंडात असलेला शब्द आडनावात गोठला. बोलीभाषेचा सातशे वर्षांपूर्वीचा नकाशा असा माणसांच्या नावांत टिकून राहिला. आपल्याकडच्या व्यवसायनामांशी तुलना करताना एक गोष्ट जपून करावी: वॉकर ही जात नव्हती. बापाच्या धंद्यावरून आडनाव पडलं आणि मुलगा सुतार झाला तरी ते तसंच राहिलं. त्याच्या लग्नसंबंधांवर त्या नावाने बंधन आलं नाही.

पायांचं काम पुढे पाणचक्कीच्या लाकडी हातोड्यांनी घेतलं. अशा गिरण्यांच्या सुरुवातीच्या इंग्लिश नोंदी 1185च्या आहेत, टेंप्लर या ख्रिस्ती लढाऊ संघाच्या सरदारांच्या मालमत्तेच्या मोजणीत: एक यॉर्कशरमधल्या न्यूसमची, दुसरी ग्लॉस्टरशरमधल्या बार्टनची. इतिहासकार एलिनोरा कारस-विल्सन यांनी 1941मध्ये या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. हातोड्यांना वेगाचं पाणी लागतं, ते डोंगराळ भागात असतं. त्यामुळे कापडधंदा उत्तर आणि पश्चिमेच्या ओढ्याकाठी वाढला, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे इतिहासकारांत बरेच वाद झाले, तरी यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमधल्या वॉकरांच्या दाटीला ही पार्श्वभूमी आहे. तिथल्या 1379च्या डोईपट्टीच्या याद्यांत हे नाव जागोजागी भेटतं.

काही वॉकर मात्र या कुळातले नाहीत. न्यूकासलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्ती आहे. तिथला अर्थ ‘भिंतीजवळची दलदल’, आणि ती भिंत म्हणजे रोमनांची हेड्रियनची भिंत. तिथून आलेल्या कुटुंबांना गावावरून आडनाव मिळालेलं असू शकतं. राजाच्या अरण्यात गस्त घालणाऱ्या रखवालदारालाही इंग्रजीत वॉकर म्हणत. तो वापर बराच नंतरचा आहे. आडनावाची दाटी कापडाच्या मुलखांत आहे, अरण्यांभोवती नाही, म्हणून हे मूळ पटत नाही.

स्कॉटलंडमधले वॉकर दोन वाटांनी आले. सखल भागात इंग्रजीसारखाच शब्द होता. डोंगराळ भागात तिथल्या गेलिक भाषेतल्या ‘मॅक अन उखकदर’, म्हणजे ‘कापड दाट करणाऱ्याचा मुलगा’, या नावाचं भाषांतर होऊन वॉकर झालं. हेब्रिडीज बेटांवर हे काम बायका मेजाभोवती बसून, ओलं कापड आपटत, गाण्याच्या तालावर करत. ती ‘वॉकिंग’ गीतं आजही गायली जातात आणि त्यातल्या ‘वॉक’चा अर्थ अजून जुनाच आहे.

जॉन वॉकरने 1820मध्ये किलमारनॉकला किराणा दुकान काढलं. त्याच घराण्याच्या व्हिस्कीसाठी 1908मध्ये टॉम ब्राउन या व्यंगचित्रकाराने लांब ढांगा टाकणारा माणूस काढला. ‘वॉकर म्हणजे चालणारा’ हा समज जगभर रुजायला या चित्राइतकं दुसरं काही कारणीभूत नसावं. आपल्याकडे बद्रुद्दीन काझी या अभिनेत्याला गुरुदत्तनी याच व्हिस्कीवरून जॉनी वॉकर नाव दिलं. मराठी इतिहासात भेटणारा वॉकर मात्र वेगळा: 1802पासून बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट असलेला अलेक्झांडर वॉकर. 1807चा काठियावाडातला खंडणीचा ठराव त्याच्याच नावाने ओळखला जातो. तोही स्कॉटिश, फाइफ परगण्यातला.

आज वॉकर हे इंग्लंडमधल्या पहिल्या वीस आडनावांच्या आसपास असतं. अमेरिकेत 2010च्या जनगणनेत 5 लाखांहून जास्त वॉकर होते, आणि त्यांतले सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय. त्यांच्या पूर्वजांचा यॉर्कशरशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. गुलामगिरीच्या काळात किंवा 1865नंतर स्वातंत्र्य मिळाल्यावर हे आडनाव लावलं गेलं, कधी मालकाचं, कधी स्वतः निवडलेलं. काही जर्मन स्थलांतरितांची सारखी ऐकू येणारी आडनावंही तिथे वॉकर झाली. टकरबाबतही अशीच सावधगिरी हवी, कारण आयर्लंडमध्ये ‘ओ तुआखर’ या गेलिक नावाचं इंग्रजीकरण होऊनही टकर होतं.

एखाद्या कुटुंबाचा शोध घ्यायचा असेल तर आजच्या पत्त्यावरून अंदाज बांधू नये, कारण रेल्वे आणि गिरण्यांनी माणसं फार हलवली. 1881च्या जनगणनेचं परगणावार वाटप पाहावं. मग चर्चच्या नोंदवह्यांत मागे जावं, त्या 1538पासून सुरू होतात. सर्वांत जुनं गाव सापडलं की तिथल्या जुन्या नकाशात ‘वॉक मिल’ किंवा ‘टेंटर क्रॉफ्ट’ अशी नावं शोधावीत. त्याहून मागे एक अडचण येते: कारकून लॅटिनमध्ये लिहीत आणि वॉकर असो, फुलर असो वा टकर, तिघांनाही ‘फुल्लो’ लिहून मोकळे होत. अशा नोंदीवरून गावकरी त्याला काय म्हणत हे ठरवता येत नाही. आणि एकच आडनाव म्हणजे एकच घराणं असंही नाही. शेकडो गावांत शेकडो कारागीर होते, तितकीच मूळ घराणी.

लेखनाबद्दल: मराठीत ‘वॉकर’ हेच बरोबर. इंग्रजीत ‘ल’ लिखाणात राहून बोलण्यातून गेला, जसा ‘टॉक’ आणि ‘फोक’मध्ये गेला. जर्मन माणसाचं आडनाव असेल तर मात्र ‘वाल्कर’ लिहावं, तिथे ‘ल’ पूर्ण उच्चारला जातो.