साडेतीन वर्षांच्या मुलीच्या वरच्या दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे आहेत. ती गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपते. दुधाचेच दात, पडणारच. मग सोडून द्यावेत का?

सोडून देऊ नका. तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत. हिरडीच्या कडेने जाणारी खडूसारखी, बिनचमकीची रेघ म्हणजे दाताच्या वरच्या थरातली खनिजं झिरपून जाऊ लागली आहेत, पण खड्डा अजून पडलेला नाही. इथून दात सावरू शकतो. रेघ तपकिरी झाली, दात मऊ पडला किंवा टवका उडाला, की नुसत्या फ्लोराइडने (पेस्टमधल्या, दात बळकट करणाऱ्या घटकाने) तो भरून येत नाही. कापसाने दात कोरडा करून उजेडात बघा; ओल्या दातावर रेघ लपते.

ती मुलगी गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपते, असं तुम्ही लिहिलंय. बहुधा दुखणं तिथेच आहे. चोखताना खालचे दात जिभेआड राहतात, वरच्यांभोवती दूध साचतं, आणि झोपेत लाळ फार कमी सुटत असल्याने, तोंडातले जंतू साखरेपासून बनवतात ते आम्ल धुऊन जात नाही. बाटली एकदम तोडलीत तर रडारड होईल. आधी चार-पाच दिवसांत साखर बंद करा, मग दर दोन रात्रींनी दुधात पाणी वाढवत निव्वळ पाण्यावर आणा. दूध जेवणाबरोबर पेल्यातून द्या. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी.

ब्रश तुम्हीच करायचा, मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. तिचं डोकं तुमच्या मांडीवर घ्या, बोटाने वरचा ओठ उचला आणि ब्रशचे केस हिरडीकडे तिरके धरून गोल फिरवा. बहुतेक घरांत ओठ उचललाच जात नाही, म्हणून नेमकी हीच जागा राहून जाते. पेस्ट वाटाण्याएवढी (तीन वर्षांखालच्या भावंडाला तांदळाच्या दाण्याएवढीच), पण ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम आहे का ते वाचा. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये ते नसतंच. फेस थुंकू द्या, चुळा भरायला लावू नका. आणि घरात कुणी मशेरी लावत असेल, तर ती मुलीच्या दातांना कधीही नको. तो भाजलेला तंबाखू आहे.

खाण्यात किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते मोजा. चवथीतली नेवरी (करंजी) जेवणावर दिली तर चालेल. जत्रेतलं गुळाचं खाजं दुपारभर चघळत राहणं वाईट, कारण गूळ दातांच्या फटीत चिकटून बसतो. चहात बुडवलेलं बिस्कीटही तसंच.

येत्या आठवड्याभरात बालदंतवैद्याला दाखवा. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. तिथे फ्लोराइड वार्निशबद्दल, म्हणजे दातांवर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाबद्दल, विचारा. लावायला काही मिनिटं लागतात, दुखत नाही, आणि साधारण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. गालाला किंवा हिरडीला सूज, ताप असेल, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी जा.

आता ‘पडणारच’ याबद्दल. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात, पण दाढा दहा-बारापर्यंत चावायला लागतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि नव्या दाताला वाट उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, काहीही न पडता, एक नवी दाढ येते. आईवडील तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. दिसली की तिच्या खाचा दंतवैद्याकडून सीलंटने (पातळ संरक्षक लेपाने) बुजवून घ्या.