मैत्रिणीलाही होडीत बसवा

प्रश्न : माझी कॉलेजातली मैत्रीण लग्नानंतर मालवणजवळच्या एका गावात राहते. बारा वर्षं झाली, बोलावतेच आहे. येत्या जानेवारीत आम्ही दोघं आणि दोन मुलं असे चार दिवस जायचं म्हणतोय. ह्यांना एकाच फेरीत गणपतीपुळे, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, तारकर्ली आणि रेडीचा गणपती असं सगळं बघायचंय. मैत्रीण म्हणते, हॉटेलात उतरलीस तर बोलणार नाही. तिच्या घरी सासू-सासरे आहेत. आमचा भार होईल का? मुलं मासे फारसे खात नाहीत. काय बघावं, काय न्यावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तिच्याकडेच उतरा. भार होतो, आणि तो कशाचा होतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मी आचऱ्याची. मे महिना लागला की आमचं घर पाहुण्यांनी भरायचं. सकाळी सातला मंडळी बाहेर पडायची ती रात्री नऊला परतायची. आई दुपारपासून खोबऱ्याचं वाटप वाटून, मासळी साफ करून बसलेली. आणि खळ्यात चपला काढता काढता पाहुणे सांगायचे, "वहिनी, आम्ही जेवून आलो." घरात फ्रिज नव्हता. ते वाटप सकाळपर्यंत राहायचं नाही. चार पानं जास्त वाढायचा कंटाळा आईला कधीच नव्हता, पण त्या रात्री ती न बोलता चूल सारवायची ते मला अजून दिसतं. तेव्हा एवढं करा : रोज सकाळच्या चहालाच सांगून टाका की आज दुपारचं जेवण घरी की रात्रीचं. आणि सांगितलेली वेळ पाळा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आचऱ्याहून मालवण वीसेक किलोमीटर. सिंधुदुर्ग बघायला निघालेल्या किती पाहुण्यांना आईने डबे बांधून दिले असतील, त्याची गणती नाही. ती स्वतः किल्ल्यावर गेली बासष्टाव्या वर्षी, आणि तीही मुंबईच्या मावशीने हाताला धरून होडीत बसवली म्हणून. कोणी "तुम्हीही चला" म्हटलं की ती म्हणायची, "माका खंय वेळ?" आणि पाहुणे ते खरं मानून निघायचे. तुम्ही मानू नका. मैत्रिणीला न्या, जमत असेल तर तिच्या सासूबाईंनाही. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, असं आदल्या रात्रीच सासूबाईंना विचारून ठरवा. तिला परस्पर उचलून नेलंत, तर मागून बोलणी तिला बसतील.

आता बघण्याचं. गणपतीपुळे आणि रेडी दोन्ही यादीतून काढा. एक रत्नागिरीच्याही वर, दुसरं गोव्याच्या हद्दीला. ह्यांना नकाशावर दाखवा म्हणजे पटेल. तुमचा एक दिवस येण्यात आणि एक जाण्यात जाणार. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कणकवलीला उतरा आणि घाट उजेडात संपवा. विजयदुर्गाला जाऊन-येऊन दिवस मोडतो, तो पुढच्या खेपेला ठेवा. म्हणजे हातात दोन दिवस उरले, आणि ते मालवणच्या आसपासच घालवा.

सिंधुदुर्ग सकाळी करा. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी बांधकामाला हात घातला आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत महादरवाजा नजरेला पडत नाही. मुलांना सांगा, आधी दरवाजा शोधा. आत महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. चारी बाजूंना खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात. आई घरी आली ती त्या विहिरींबद्दलच बोलत होती, कितीतरी दिवस. घरची विहीर मे महिन्यात तळाला जाताना तिने आयुष्यभर बघितली होती.

दुसऱ्या दिवशी तारकर्ली आणि तिला लागूनच असलेलं देवबाग. देवबागेत एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. टोकाशी दोन्हीची गाठ पडते, तिथे पाण्याला ओढ फार. तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय मुलांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नका. ही विनंती नाही, बजावून सांगते. पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर मुलांना दोरीला हात लावू द्या. समुद्राचं वजन हाताला कळतं.

आणि एक रात्र जत्रेसाठी ठेवा. जानेवारीत गावोगावी दशावतार असतो, कुठल्या गावात कधी ते मैत्रिणीच्या सासऱ्यांना तोंडपाठ असेल. रात्री उशिरा गणपतीने सुरुवात, मग संकासुर, मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. बायकांची कामं पुरुषच करतात, संवाद कोणी लिहून देत नाही, उभ्या उभ्या सुचतात. अंगावर घ्यायला चादर न्या, दव पडतं.

मुलांच्या जेवणाची काळजी सोडा. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया नि नारळाचा रस, घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ यावर मुलं माशांशिवायही खुशाल राहतील. फक्त ती मासे खात नाहीत हे आधी फोनवर सांगा, ऐनवेळी ताटावर नाही.

न्यायचं म्हणाल तर काजूकतली नको. तुमच्याकडे तेव्हा हुरडा असेल, तो न्या. शेंगांची चटणी आणि कडक भाकरी न्या, आणि पाच किलो ज्वारी. आमच्या तांदळाच्या घरांत ज्वारीची भाकरी थापायला बसलेली पाहुणी सासूबाई कधी विसरणार नाहीत.

निघताना एक रिकामी पिशवी घडी घालून न्या. सोलं (आमसुलं), कुळथाचं पीठ, नारळ असं काहीबाही मैत्रीण त्यात भरणारच, नको म्हणू नका. नारळ तेवढे सोलून मागा. असोले डिकीत मावत नाहीत.